आज्ञावलीलाही परवाना लागतो

दुकानात जाऊन पैसे मोजले की पुस्तक मिळते. ते कोण वाचणार, कशासाठी वाचणार, वाचणाऱ्याचे नागरिकत्व कोणते, असे दुकानदार विचारत नाही. संगणकाच्या बहुतेक आज्ञावल्याही, म्हणजे ज्याला आपण सॉफ्टवेअर म्हणतो त्याही, अशाच मिळतात. पण काही आज्ञावल्या अशा आहेत की त्या मागितल्यावर किमतीच्या आधी तुमची माहिती विचारली जाते. तुम्ही कोण, कुठे काम करता, कोणत्या देशाचे नागरिक आहात, काय गणित करणार आहात? उत्तर पाठवल्यावर काही आठवडे, कधी काही महिने जातात. शेवटी होकार येतो, नकार येतो किंवा आणखी एक प्रश्नावली येते.

अणुभट्ट्या आणि किरणोत्सर्ग यांची गणिते करणाऱ्या आज्ञावल्या या जातीच्या आहेत. जळगावच्या विद्यापीठात किंवा धुळ्याच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकलेला एखादा विद्यार्थी पुढे वैद्यकीय भौतिकी किंवा अणुअभियांत्रिकीकडे वळला, तर त्याची या आज्ञावल्यांशी गाठ पडणारच. ‘सर, नुसत्या गणिताला परवाना कशाला?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर देण्यासाठी आपल्याला एक नाणे, एक फासा आणि थोडे चिंचोके एवढे साहित्य पुरेल.

भिंत किती जाड हवी?

समजा, एखाद्या रुग्णालयात कर्करोगावरील किरणोपचारासाठी कोबाल्ट-६० चे यंत्र बसवायचे आहे. कोबाल्ट-६० मधून १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. ते रुग्णाच्या गाठीवर पडायला हवेत, शेजारच्या खोलीत बसलेल्या कारकुनावर नकोत. म्हणून खोलीच्या भिंती काँक्रीटच्या आणि चांगल्या जाड बांधाव्या लागतात. आराखडा आधी अणुऊर्जा नियामक मंडळाकडून मंजूर करून घ्यावा लागतो.

या किरणांची तीव्रता निम्मी करायला काँक्रीटचा सुमारे ६ सेंटिमीटर जाडीचा थर लागतो. दुसऱ्या थराने निम्म्याचे निम्मे होते. असे दहा थर, म्हणजे साठेक सेंटिमीटर झाले की १,०२४ पैकी एक कण पार जातो. सोळा थर, म्हणजे जवळपास एक मीटर झाले की ६५,५३६ पैकी एक.

हे वर्गात करून पाहता येते. चाळीस मुले म्हणजे चाळीस गॅमा कण. प्रत्येकाने नाणे उडवायचे. छाप पडली तर पहिला थर पार, काटा पडला तर कण शोषला गेला, मुलाने खाली बसायचे. पहिल्या फेरीनंतर वीसेक मुले उभी राहतील, दुसरीनंतर दहाएक, तिसरीनंतर पाचेक. नेमके वीस, दहा, पाच असे क्वचितच होईल आणि तेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

खरी खोली इतकी सरळ नसते. किरण भिंतीवर तिरपे पडतात, विखुरतात, दारातून आणि नळ्यांच्या भोकांतून वळसा घेतात. तिथे साधे सूत्र पुरत नाही. मग एकेका कणाचा प्रवास पावलापावलाने, फासे टाकत, कागदावर किंवा संगणकावर चालवायचा आणि शेवटी किती कण पार गेले ते मोजायचे. हीच मोंटे कार्लो पद्धत. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेतील गणिती स्टॅनिस्लाव उलाम यांना १९४६ मध्ये आजारपणात पत्ते खेळताना ती सुचली. डाव जिंकण्याची शक्यता सूत्राने काढण्यापेक्षा शंभर डाव मांडून मोजणे सोपे नाही का, हा त्यांचा प्रश्न होता. जॉन फॉन नॉयमन यांनी तो प्रश्न न्यूट्रॉनांना लावला, निकोलस मेट्रोपोलिस यांनी जुगाराच्या अड्ड्यासाठी प्रसिद्ध असलेल्या गावाचे नाव पद्धतीला दिले, आणि १९४८ मध्ये एनिअॅक या संगणकावर तिने गणिते झाली. आज जगभर वापरली जाणारी एमसीएनपी ही आज्ञावली त्याच प्रयोगशाळेतून, त्याच परंपरेतून आलेली आहे.

चाळीस नाणी एकदम

या पद्धतीत एक अडचण आहे. चाळीस मुलांनी सोळा थरांचा खेळ खेळला, तर बहुधा सातव्या-आठव्या फेरीच्या आतच सगळी मुले खाली बसतील. उत्तर शून्य येईल आणि ते चुकीचे असेल. पार गेलेले १०० कण मोजले तर उत्तरात सुमारे १० टक्के चूक राहते. ती १ टक्क्यावर आणायची तर १०,००० कण मोजावे लागतात, कारण चूक मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होते. सोळा थरांमागे १०,००० कण मोजायचे तर पासष्ट कोटींहून अधिक कण सोडावे लागतील. हे काम संगणकाचे, आणि तोही दांडगा हवा.

यावर दोन उपाय आहेत. पहिला उपाय तुमच्या वर्गातच झाला. चाळीस मुलांनी एकदम नाणी उडवली, कोणी कोणासाठी थांबले नाही. एका कणाचा प्रवास दुसऱ्यावर अवलंबून नसतो, म्हणून हे काम अनेक लहान संगणकांत वाटून देता येते.

दुसरा उपाय हुशारीचा आहे. छाप पडलेल्या मुलाने खाली बसलेल्या एका मुलाला जोडीला उठवायचे, आणि दोघांचे ‘वजन’ अर्धे-अर्धे धरायचे. आता प्रत्येक फेरीनंतर उभी मुले कमीजास्त होत साधारण चाळिसाच्या आसपास राहतात. सोळाव्या थरानंतर उभ्या असलेल्या प्रत्येकाचे वजन ६५,५३६ वा भाग. कोट्यवधी नाणी न उडवता आपण भिंतीच्या पलीकडे पोचलो. खऱ्या आज्ञावलीचे मोल अशा युक्त्यांत, तिच्या अणुकेंद्रीय माहितीच्या तक्त्यांत आणि वर्षानुवर्षे प्रयोगांशी ताडून पाहिलेल्या उत्तरांत असते.

त्याच फाशाने दुसरा डाव

आता परवान्याच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्तावीस चिंचोके घ्या. प्रत्येक चिंचोका एक न्यूट्रॉन. प्रत्येकासाठी फासा टाका. १, २ किंवा ३ पडले तर न्यूट्रॉन वाया गेला, चिंचोका काढून टाका. ४, ५ किंवा ६ पडले तर त्याने युरेनियमचे केंद्रक फोडले आणि दोन नवे न्यूट्रॉन निघाले, एकाच्या जागी दोन चिंचोके ठेवा. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी संख्या सत्तावीसच्या मागेपुढे घुटमळत राहील. अणुभट्टी स्थिर चालते ती अशी. (खऱ्या विखंडनात सरासरी दोनांहून थोडे अधिक न्यूट्रॉन निघतात. आपण खेळासाठी दोन धरले.)

नियम जरासा बदला. आता फक्त ५ आणि ६ ला दोन चिंचोके. २७ चे सरासरी १८ होतील, मग १२, मग ८. भट्टी विझली. पुन्हा बदला. ३, ४, ५, ६ या चारही अंकांना दोन. २७ चे ३६, मग ४८, मग ६४, आणि दहाव्या पिढीला सुमारे ४८०. वाढ थांबतच नाही.

तिन्ही डावांत फासा तोच, चिंचोके तेच, मोजण्याची रीतही तीच. आधीच्या भिंतीच्या खेळातला ‘जोडीदार उठवण्याचा’ नियमसुद्धा जवळपास हाच होता. रुग्णालयाची भिंत, वीज देणारी अणुभट्टी आणि अणुबाँब यांची गणिते आतून अशी सख्खी भावंडे आहेत. जी आज्ञावली कारकुनाला किरणांपासून वाचवते, तीच मुळात कशासाठी जन्मली हे लॉस अलामोसच्या नावावरून उघड आहे. अशा वस्तूंना ‘दुहेरी उपयोगाच्या’ वस्तू म्हणतात.

खानदेशातल्या शेतकऱ्याला दुहेरी उपयोग समजावून सांगावा लागत नाही. काळ्या पाषाणात विहीर खोदायची तर सुरुंग लावावा लागतो. सुरुंगाची कांडी विहिरीला पाणी आणते आणि दुसऱ्याच्या हातात पडली तर जीवही घेते. म्हणून ती परवान्याशिवाय मिळत नाही, कांड्यांचा हिशेब ठेवावा लागतो आणि उरलेली कांडी शेजाऱ्याला देता येत नाही. आज्ञावलीचा परवाना याच विचाराचा आहे. फरक इतकाच की कांडी एकदा वापरली की संपते, आज्ञावलीच्या मात्र कितीही प्रती निघतात. म्हणून आज्ञावलीचे नियम अधिक किचकट होतात.

तारापूरपासूनचा इतिहास

हे नियम आपल्यापर्यंत कसे आले? भारताचे पहिले अणुवीज केंद्र तारापूरला, त्या वेळच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात उभे राहिले. १९६३ च्या भारत-अमेरिका कराराने त्याच्या दोन भट्ट्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधल्या आणि ऑक्टोबर १९६९ पासून त्या वीज देऊ लागल्या. त्यांचे समृद्ध युरेनियमचे इंधन अमेरिकेतून यायचे.

१८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुचाचणी केली. त्यानंतर अणुसाहित्य विकणाऱ्या देशांनी एकत्र येऊन अणुपुरवठादार गट स्थापन केला. अमेरिकेने १९७८ मध्ये कडक कायदा केला. देशातील सर्व अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली असल्याखेरीज अणुइंधन निर्यात करायचे नाही, असे त्यात ठरले. भारताने ते मान्य केले नाही. तारापूरच्या इंधनाचा प्रश्न लोंबकळला आणि १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा हाती घेऊन तो तात्पुरता सोडवला.

पुढची अडवणूक संगणकांची झाली. ऐंशीच्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. मोठी चर्चा होऊन १९८८ च्या सुमारास मागितल्याहून कमी शक्तीचे यंत्र मिळाले, तेही केवळ हवामानाच्या अंदाजासाठी. त्यावर दुसरे गणित करायचे नाही, ही अट होती. महासंगणकाला वाऱ्याचे गणित आणि न्यूट्रॉनांचे गणित यांत फरक कळत नाही, हे ती अट घालणारेही जाणत होते.

याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक स्थापन झाले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. एक अवाढव्य यंत्र बांधण्याऐवजी बाजारात मिळणारे ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक लहान प्रक्रियक एकमेकांना जोडून त्यांनी काम वाटून दिले. चाळीस मुलांनी एकदम नाणी उडवावीत तसे. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्याच सुमारास ‘अनुपम’ हा समांतर संगणक झाला. त्याच केंद्रात ‘मोनाली’ नावाची मोंटे कार्लो आज्ञावलीही लिहिली गेली.

मे १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने अनेक भारतीय संस्थांना आपल्या निर्बंधांच्या यादीत घातले. पुढे वारे बदलले. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली आणि ऑक्टोबरमध्ये भारत-अमेरिका नागरी अणुकराराची सही झाली. या वाटाघाटींत अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष डॉ. अनिल काकोडकर यांचा मोठा वाटा होता. त्यांचा जन्म बडवानीचा. धुळ्याहून आग्रा रस्त्याने सेंधव्याकडे गेलो की आपण ज्या जिल्ह्यात शिरतो, तोच हा. जानेवारी २०२५ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्स ही नावे त्या यादीतून काढण्यात आली. करार झाल्यापासून नावे निघेपर्यंत सोळा वर्षे गेली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. दार उघडले असे जाहीर होते तेव्हा कडी निघालेली असते, कुलूप निघायला वेळ लागतो.

अर्जात काय विचारतात?

अमेरिकेत तयार झालेल्या अशा आज्ञावल्या वाटण्याचे काम मुख्यतः टेनेसी राज्यातील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेतले एक केंद्र करते. ते १९६२ पासून चालू आहे. सुरुवातीला त्याचे काम किरणोत्सर्गापासून बचावाची माहिती गोळा करण्याचे होते, आता त्याच्याकडे शेकडो आज्ञावल्यांचे भांडार आहे. आर्थिक सहकार्य संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेची पॅरिसला अशीच एक माहितीपेढी आहे. ती तिच्या सदस्य देशांसाठी आहे आणि भारत त्या संस्थेचा सदस्य नाही.

ओक रिजच्या केंद्राकडे मागणी करणाऱ्याला आधी स्वतःची नोंदणी करावी लागते. नाव, संस्था, नागरिकत्व, कामाचे स्वरूप आणि आज्ञावली नेमकी कशासाठी हवी, हे सांगावे लागते. परवाना सहसा एका व्यक्तीच्या नावे मिळतो. बहुतेक शिक्षकांना ही गोष्ट नवी वाटते, म्हणून ती नीट समजून घ्यावी. विभागप्रमुखांच्या नावाने आलेली प्रत त्यांच्या संशोधक विद्यार्थ्याने वापरायची नाही. त्याने आपला अर्ज वेगळा करायचा. बस पासवर जसा एकाचाच फोटो असतो तसे.

दुसरी गोष्ट, एकाच आज्ञावलीचे दोन अवतार असू शकतात. एक नुसता चालवण्याजोगा, दुसरा मूळ ओळींसकट. मूळ ओळी हाती आल्या की वापरणारा त्यात बदल करू शकतो, म्हणून त्यांची छाननी अधिक बारीक असते. ज्याला फक्त भिंतीची जाडी काढायची आहे, त्याने मूळ ओळी मागून स्वतःचा अर्ज अवघड करू नये.

तिसरी गोष्ट उद्देशाची. ‘संशोधनासाठी’ एवढाच शब्द लिहिलेला अर्ज वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. ‘कोबाल्ट उपचारकक्षाच्या दाराजवळील विखुरलेल्या गॅमा किरणांचे मोजमाप आणि प्रत्यक्ष मापनाशी तुलना’ असे लिहिले की काम डोळ्यांसमोर उभे राहते. उद्देश खरा लिहावा आणि पुढे बदलला तर पुन्हा विचारावे.

सांगणे हीसुद्धा निर्यात

निर्यात म्हटले की आपल्यापुढे रावेर-सावद्याहून परदेशी निघालेली केळ्यांची पेटी येते. ती बंदरात जाते, कागदपत्रे होतात, जहाज सुटते. ज्ञानाची निर्यात अशी दिसत नाही. अमेरिकन नियमांप्रमाणे नियंत्रित तंत्रज्ञान दुसऱ्या देशाच्या नागरिकाला समजावून सांगितले, तर ते बोलणे अमेरिकेतल्याच वर्गात झाले असले तरी निर्यात धरले जाऊ शकते. म्हणून अंमळनेर किंवा शिरपूरहून तिकडे शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला कधीकधी असा अनुभव येतो की शेजारच्या बाकावरच्या अमेरिकन मित्राला आज्ञावली लवकर मिळते आणि त्याचा अर्ज तपासणीत राहतो. हा त्याच्या गुणवत्तेवरचा शेरा नव्हे. नियमाने त्याचे गुण पाहिलेले नसतात, पारपत्र पाहिलेले असते. हे आधी ठाऊक असले तर मुलगा खचत नाही.

अमेरिकेत हे काम तीन ठिकाणी वाटलेले आहे. अणुइंधन आणि यंत्रसामग्रीचे परवाने तिथला अणुनियामक आयोग देतो, दुहेरी उपयोगाच्या इतर वस्तूंचे वाणिज्य खाते, आणि अणुतंत्रज्ञान व त्यासंबंधीचे साह्य ऊर्जा खाते. ऊर्जा खात्याच्या नियमाला त्याच्या क्रमांकावरून ‘भाग ८१०’ म्हणतात. काही देशांची यादी केलेली आहे, त्यांना सर्वसाधारण परवानगी असते. भारत त्या यादीत नाही. म्हणून भारताशी होणाऱ्या अशा प्रत्येक व्यवहाराला खास परवानगी लागते, आणि ती देताना ऊर्जा खाते परराष्ट्र, संरक्षण आणि वाणिज्य खात्यांचे मतही घेते.

याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. होल्टेक या अमेरिकन कंपनीला तिच्या लहान अणुभट्टीचे तंत्रज्ञान भारतात द्यायचे होते. मार्च २०२५ मध्ये तिला ऊर्जा खात्याची खास परवानगी मिळाली, ती तीन नावांपुरती. तिचीच पुण्यातील शाखा होल्टेक एशिया, टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्स आणि लार्सन अँड टुब्रो. उपयोग फक्त शांततेच्या कामासाठी, आणि अमेरिकेला विचारल्याशिवाय ते पुढे कोणाला द्यायचे नाही. अर्धशतकाच्या राजकारणानंतर एवढी मोठी कंपनी आपल्याच पुण्याच्या शाखेला आपलेच नकाशे देण्यासाठी परवाना काढते, हे वर्गात सांगितले की भाग ८१० वेगळा शिकवावा लागत नाही.

आपलाही दरवाजा

हे सगळे आपल्याविरुद्धच रचलेले आहे, असे मुलांना वाटू शकते. म्हणून नाण्याची दुसरी बाजूही दाखवावी. भारताचाही असा दरवाजा आहे. खास रसायने, जीव, पदार्थ, साधने आणि तंत्रज्ञाने यांची एक यादी आपले सरकार ठेवते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘स्कोमेट’ यादी म्हणतात. त्यातल्या अणुविषयक वस्तूंचे निर्यात परवाने अणुऊर्जा विभाग देतो. सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा आपला कायदा २००५ चा आहे. उद्या एखाद्या भारतीय अभियंत्याने अणुभट्टीची नियंत्रित आज्ञावली परवान्याविना बाहेरच्या देशात ई-मेलने धाडली, तर तो आपल्याच कायद्याच्या कचाट्यात येईल.

उघड्या वाटा

परवाना मिळाला नाही तर शिक्षण थांबते का? नाही. जे आधीच सर्वांसाठी प्रसिद्ध झालेले आहे त्याला हे नियंत्रण सहसा लागू होत नाही, आणि या क्षेत्रात प्रसिद्ध झालेले पुष्कळ आहे. जिनिव्हाजवळील सर्न प्रयोगशाळेतून १९९८ मध्ये ‘जिअँट-४’ बाहेर आली. कणांचा पदार्थातून होणारा प्रवास ती मोजते, वैद्यकीय भौतिकीत ती खूप वापरली जाते, आणि मूळ ओळींसकट फुकट मिळते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये २०११ पासून ‘ओपनएमसी’ ही आज्ञावली अणुभट्टीच्या गणितांसाठी लिहिली गेली, तीही खुली आहे. न्यूट्रॉन कोणत्या केंद्रकाशी किती शक्यतेने टक्कर घेतो याचे तक्ते व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था खुले ठेवते. प्रयोगांतून आलेल्या आकड्यांची नोंद त्या भांडारात करण्याच्या कामात २००६ पासून भारतीय विद्यापीठांतील शिक्षक आणि विद्यार्थीही भाग घेत आले आहेत. म्हणजे आपण या भांडाराचे नुसते गिऱ्हाईक नाही.

मग कुलूप कशाला, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारीलच. भौतिकीचे नियम कुलपात ठेवता येत नाहीत, हे खरे. कुलपात राहते ते तयार, तपासलेले, भरवशाचे हत्यार आणि त्यामागचा अनेक वर्षांचा अनुभव. नियंत्रणाने काम अशक्य होत नाही, फक्त लांबते. बाँबच्या वाटेवर असलेल्याला ते लांबावे हा हेतू असतो, आणि रुग्णालयाची भिंत मोजणाऱ्यालाही त्याचा भुर्दंड पडतो ही त्याची किंमत असते. हेतू योग्य आणि किंमत अन्यायाची, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक वाट मात्र दाखवू नये. ‘कुणाच्या तरी पेन-ड्राइव्हवर आहे’ अशी प्रत. तिच्यामुळे कायदा मोडतो हे आहेच, शिवाय प्रत देणाऱ्याचा परवाना धोक्यात येतो. पण विज्ञानाच्या दृष्टीने त्याहून वाईट गोष्ट अशी की ती प्रत कोणती, तिच्यात कोणी काय फेरफार केला, तिचे तक्ते पूर्ण आहेत का, हे कळायला मार्ग नसतो. भिंतीची जाडी तिच्यावर ठरवली आणि ती चार थर कमी आली, तर पलीकडच्या कारकुनाला सोळापट किरण मिळतील आणि त्याला ते जाणवणारही नाहीत.

विद्यार्थ्याला काय सांगावे?

प्रबंधाचा विषय ठरवण्याआधी आज्ञावलीची चौकशी करावी, नंतर नव्हे. अर्ज स्वतःच्या नावे आणि संस्थेच्या पत्त्यावरून करावा. हेतू एका वाक्यात पण नेमका लिहावा. लागेल तेवढेच मागावे. उत्तर येईपर्यंत हातावर हात ठेवून न बसता तेच गणित खुल्या आज्ञावलीवर सुरू करावे. पुढे परवाना आलाच तर दोन स्वतंत्र उत्तरे ताडून पाहता येतात, आणि अशी पडताळणी हीच या विषयातली खरी शिस्त आहे.

आणि त्याही आधी, सोळा थरांच्या भिंतीचा खेळ त्याने स्वतः लिहावा. शाळेच्या संगणकावर, येत असेल त्या भाषेत, वीस-पंचवीस ओळींत तो बसतो. आधी साधी नाणी, मग जोडीदार उठवण्याची युक्ती. दोन्हींचे उत्तर ६५,५३६ मध्ये एक याच्या जवळ येते का आणि कोणते लवकर येते, हे त्याला पाहू द्या. ज्याने हे एकदा केले त्याला उद्या परवाना मिळालेली मोठी आज्ञावलीही डोळे मिटून वापरावी लागणार नाही. तिने दिलेल्या आकड्यावर कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे नाही, हे त्याला उमजलेले असेल.